सुपरफॅट: सोडा कमी घ्यावा की तेल मागाहून घालावे?

घरगुती साबणात थोडे तेल मुद्दाम साबण न होऊ देता शिल्लक ठेवतात. त्या शिल्लक तेलाचे प्रमाण म्हणजे सुपरफॅट. त्यासाठी एकतर कॉस्टिक सोडा हिशेबापेक्षा कमी घेतला जातो, किंवा सोडा पूर्ण घेऊन मिश्रण दाटल्यावर वरून तेल घातले जाते. हे दोन मार्ग एकच समजल्यामुळे बऱ्याच वड्या बिघडतात.

700 ग्रॅम सरकीचे तेल आणि 300 ग्रॅम खोबरेल घेतले, तर दर ग्रॅमला अनुक्रमे 0.138 आणि 0.183 ग्रॅम धरून एकूण 151.5 ग्रॅम सोडा लागतो. (सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यात नव्हे, आणि जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर कधीच नाही.) त्यातून 5 टक्के वजा केले की 144 ग्रॅम राहतो. सोडा न कापता शेवटी 50 ग्रॅम तेल घातले, तरी शिल्लक 4.8 टक्क्यांच्या आसपासच येते. घोटाळा होतो तो दोन्ही उपाय एकाच घाण्याला केल्यावर, कारण तेव्हा सुपरफॅट 9 टक्क्यांवर जातो आणि वडी मऊ पडून फेसही कमी येतो.

खरा फरक कोणते तेल शिल्लक राहते यात आहे. गडचिरोली-गोंदियाकडचे मोहाच्या बियांचे तेल शेवटी घातले की तेच त्वचेसाठी राखले जाईल, ही समजूत थंड पद्धतीच्या, म्हणजे न शिजवता केलेल्या, साबणाला लागू पडत नाही. मिश्रण दाटते तेव्हा बराच सोडा मोकळाच असतो, आणि पंगतीत उशिरा बसलेल्यालाही वाढपी जसा वाढतो, तसा तो मागाहून आलेल्या तेलालाही गाठतो. शिजवलेल्या साबणात मात्र सोडा संपल्यावर घातलेले तेल बहुतांशी तसेच राहते. त्यामुळे थंड पद्धतीत सोडाच कमी घ्यावा आणि निवडक तेलाचा हट्ट शिजवलेल्या साबणापुरता ठेवावा, असे माझे मत आहे.

अंगाच्या साबणाला 5 टक्के पुरतात, कपड्यांच्या साबणाला 1 ते 2. नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो, म्हणून त्यात 20 टक्क्यांपर्यंत जातात. विदर्भात मात्र उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. पारा 45 अंशांवर गेल्यावर सरकी, करडई किंवा जवसाचे शिल्लक तेल लवकर खवट होते आणि वडीवर नारिंगी डाग उठतात. सोडा कमी घेतला की सर्वच तेलांची सरमिसळ शिल्लक राहत असल्याने जवसाचा वाटा मुळातच थोडा ठेवलेला बरा.

सोड्याची शुद्धताही पाहावी लागते. तो 97 टक्के शुद्ध असेल, तर 5 टक्के धरलेला सुपरफॅट प्रत्यक्षात 8 च्या जवळ जातो, आणि पावसाळ्यात डबा उघडा राहून सोड्याने ओलावा धरला तर आणखी वाढतो. तेव्हा पाकिटावरचा शुद्धतेचा आकडा आधी हिशेबात घेऊन मगच टक्के वजा करावेत.