उभ्या कापाची करवत आणि आडव्या कापाची करवत

दोन्ही करवती शेजारी ठेवल्या की नवशिक्याच्या नजरेत एवढंच भरतं: एकीचे दात मोठे, दुसरीचे बारीक. मग मोठे दात भराभर कापायला आणि बारीक दात सफाईला, असा समज होऊन बसतो. खरा फरक दाताच्या टोकाच्या घडणीत आहे.

लाकडाचे तंतू एकाच दिशेने लांबवर गेलेले असतात. त्यांच्या दिशेने फळी चिरायची, तर दाताला तंतूंची टोकं तासत पुढे जायचं असतं. म्हणून उभ्या कापाचा दात चिमुकल्या पटाशीसारखा, सपाट टोकाचा. कानस पात्याशी काटकोनात धरून घासलेला. आडवं कापताना मात्र तंतू आधी तुटावे लागतात, नाहीतर ते उचकटतात. इथे कानस तिरकी धरतात. त्यामुळे एकाआड एक दाताला डावी-उजवी सुरीसारखी धार येते. या धारा कापाच्या दोन्ही कडांचे तंतू छेदतात आणि मधलं लाकूड भुसा होऊन पडतं.

भुसा पाहिला तरी कळतं. उभ्या कापात लांबट तुकडे सुटतात, आडव्या कापात बारीक चुरा. अदलाबदल केली तर? आडव्या कापाची करवत उभी चालवली की चुरा अडकतो, काम रेंगाळतं, काप रेषेवरून सरकतो. उभ्या कापाची मोठी करवत आडवी घातली की फळीच्या मागच्या कडेला ढलपे निघतात. जपून तोडलेल्या झाडाची फळी असो वा जुन्या दाराची, ती अशी वाया जाताना मला फार वाईट वाटतं.

कुसू, म्हणजे सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ, करताना दोन्ही काप लागतात: त्याच्या रुंद बाजू उभ्या कापाने, खांदे (जिभेच्या बुडाशी असलेल्या पायऱ्या) आडव्या.

करवत घेताना दातांची टोकं निळसर-काळी दिसली, तर ती बहुधा कडक केलेली असतात. त्यांच्यावर कानस चालत नाही; धार गेली की करवत टाकूनच द्यावी लागते. धार लावता येईल अशीच घ्या. एकच परवडत असेल, तर बारीक दातांची उभ्या कापाची घ्या. तिला धार लावायला शिकणं सोपं, आणि चाकूने खोल रेघ मारून घेतली तर छोटे आडवे कापही ती नीट करते.