दंतअर्कात आधीच पाणी मिसळून ठेवू नये

बाभूळसाल, हिरडा आणि लवंग यांचा आमचा दंतअर्क ‘चार दिवसांत नासला’ म्हणून जी बाटली परत येते, तिच्यात बहुतेक वेळा पाणी मिसळलेले असते. रोज थेंब मोजण्याचा व्याप नको म्हणून एका ताईंनी गेल्या पावसाळ्यात सगळा अर्क लिटरभर पाण्यात कालवून शीतपेयाच्या बाटलीत भरला व ती मोरीच्या कोनाड्यात ठेवली. आमच्याकडे आणली तेव्हा वर पांढुरकी साय धरली होती आणि आंबूस वास येत होता. मूळ अर्क दाट असून त्यात ग्लिसरीन भरपूर असल्याने बुरशी सहसा धरत नाही. पाणी पडले की ते संरक्षण संपते. म्हणून अर्धी वाटी पाण्यात 20 थेंब, तेही चूळ भरण्याच्या वेळीच, घालावेत. पाणी मिसळलेली बाटली आम्ही बदलून देत नाही, याचा राग नसावा.

बोअरच्या पाण्यात अर्क काळपट झाला तर तो बिघडला असे समजू नये. हिरडा व बाभूळ या दोहोंतील टॅनिन हे तुरट द्रव्य पाण्यातल्या लोहाशी मिळून काळे पडते. पूर्वी हिरड्याची शाई याच गुणावर करीत असत.

‘कीड’ म्हणत असलो तरी दातात किडा नसतो. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणू, जो 1924 साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला, साखरेपासून चिकट थर तयार करतो आणि आम्ल सोडतो; थराखालचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. टॅनिन या जिवाणूच्या प्रथिनांना बांधून ठेवते, तर लवंगेतील युजेनॉल त्याच्या पेशीचे आवरण दुबळे करते. मात्र प्रयोगशाळेतील बशीत अर्क जिवाणूंवर तासन्‌तास राहतो आणि तोंडात जेमतेम मिनिटभर, त्यामुळे जमलेला थर ब्रशनेच काढावा लागतो. सकाळ-रात्री फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवावी. घासल्यावर लगेच चूळ भरल्यास फ्लोराइड धुऊन जाते, म्हणून अर्काची चूळ दुपारच्या जेवणानंतर भरावी. पडलेले भोक अर्काने बुजत नाही. त्यासाठी दंतवैद्यच हवेत.

‘जरा गोड का करीत नाही?’ असे अनेक जण विचारतात. साखर हेच त्या जिवाणूचे खाद्य असल्याने ती आम्ही घालणार नाही. तुरट चव नकोशी होणाऱ्यांसाठी ज्येष्ठमध घातलेला प्रकार दुकानात मिळतो. त्याचा गोडवा साखरेचा नाही. चूळ थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना मात्र दोन्हींपैकी काहीही देऊ नये.

प्रवासासाठी मोठ्या बाटलीतून अर्क काढून नेण्याऐवजी 30 मिलिलिटरची बाटली घ्यावी. तिच्या तोंडाला थेंबनळी बसवलेली असते.