अक्रोड आधी भाजा, बटर गार ठेवा

पाउंड केकची कृती त्याच्या नावातच आहे : एक पाउंड मैदा, एक पाउंड बटर, एक पाउंड साखर, एक पाउंड अंडी. पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. इंग्लंडमध्ये १७४७ साली छापलेल्या एका कृतीत हे सगळं हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायला सांगितलं आहे. तासभर! बेकिंग पावडर यायला तेव्हा अजून जवळजवळ शंभर वर्षं होती. केक फुगवायचा तो फेटून कोंडलेल्या हवेनेच.

आपल्याकडे नानकटाईसाठी परातीत तूप-साखर पांढरी होईपर्यंत तळहाताने फेसतात, तेच हे काम. घट्टसर बटरमधून साखरेचे दाणे फिरतात तेव्हा त्यांच्या कडांबरोबर हवा आत ओढली जाते आणि बटरमधले चरबीचे स्फटिक ती धरून ठेवतात. बटर पांढरं दिसू लागतं, कारण असंख्य बारीक बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो. ओव्हनमध्ये नवे बुडबुडे जवळपास तयार होत नाहीत, आहेत तेच गरम हवेने आणि वाफेने मोठे होतात. म्हणून मी पिठीसाखरेऐवजी बारीक दाण्याची साखर घेते.

फेसताना बटर १८ ते २० अंशांच्या आसपास हवं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी लागू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरातच तीस-पस्तीस अंश असतात आणि बटर साधारण तिथेच वितळतं. वितळलं की स्फटिक गेले, मग हवा कशाच्या आधाराने राहणार? त्या दिवसांत मी भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेसते. अंडी मात्र फ्रिजमधून काढून लगेच घालू नयेत, गारठ्याने बटर कडक होऊन मिश्रण फाटतं.

घरी चार मोठी अंडी घ्या, कवच काढून ती साधारण २०० ग्रॅम भरतात. बाकी तिन्ही जिन्नस तेवढ्याच वजनाचे. मैदा शेवटी, हलक्या हाताने, नाहीतर ग्लूटेन तयार होऊन केक चिवट होतो. शिवाय मिश्रणात घालायला ७५ ग्रॅम अक्रोड किंवा बदाम.

आता सुकामेवा. बरेच जण तो कच्चाच मिश्रणात ढकलतात, ‘ओव्हनमध्ये भाजला जाईलच’ म्हणून. तो भाजला जात नाही. ओव्हन १७० अंशांवर असला तरी केकचा आतला भाग ओला असतो, आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. खमंग वास देणारी मेलार्ड अभिक्रिया झपाट्याने होते ती १४० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे. केकच्या पोटातला अक्रोड वाफेवर शिजतो, बस्स. दाण्याचं कूट करायचं तर आपण आधी दाणे भाजतो, मग केकमधल्या अक्रोडाला वेगळा न्याय का? १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा, फडक्यात चोळून निघेल तेवढी साल काढा (अक्रोडाचा तुरटपणा त्या सालीतच असतो) आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट तुकडे घातले तर त्यांच्याभोवतीचं बटर वितळतं आणि मेहनतीने कोंडलेली हवा निसटते.

तुकडे तळाशी जातील ही भीती इथे फारशी नाही. पाउंड केकचं मिश्रण इतकं दाट असतं की हरभऱ्याएवढे तुकडे जागच्या जागी राहतात.

१६० ते १७० अंशांवर तास-पाऊण तास लागतो. वरची कड आधी घट्ट होते, मधला भाग नंतरही फुगत राहतो, त्यामुळे माथ्यावर लांब भेग पडते. ती पडावीच.

आणि वर पसरायचे बदामाचे काप मात्र कच्चेच ठेवा. वरचा पापुद्रा कोरडा होतो, शंभर अंश ओलांडतो, त्यामुळे तिथले काप खरोखरच भाजले जातात. आधीच भाजलेले असतील तर केक होईपर्यंत करपतील.