ट्राउटचा शीतजल रोग: तपासणीसाठी अर्ज कोणी करायचा, काय जोडायचं

शेपटीच्या बुडाशी कातडी पांढुरकी पडते, झिजत जाते आणि शेवटी मणके उघडे दिसू लागतात. पाठीवर शेपटीजवळ असलेला छोटा मांसल पर कुरतडल्यासारखा होतो. पाणी १६ अंश सेल्सिअसच्या खाली असताना ट्राउट माशांमध्ये हे दिसलं की पहिला संशय शीतजल रोगाचा घ्यावा. अगदी लहान पिल्लांत तर जखम न होताच मरतूक सुरू होते. फिके कल्ले आणि सुजलेली प्लीहा एवढीच खूण मिळते. रोगाचं मूळ फ्लॅव्होबॅक्टेरियम सायक्रोफिलम हा जिवाणू, पण तोच आहे याची खात्री मत्स्यरोग प्रयोगशाळाच देऊ शकते.

अर्ज मत्स्यशेतीचा मालक, हॅचरीचा जबाबदार व्यवस्थापक किंवा त्यांच्या वतीने पशुवैद्यक करतो. प्रत्येक प्रयोगशाळेचा फॉर्म वेगळा असतो, म्हणून आधी फोन करून तो मागवून घ्या. सोबत मत्स्यशेतीच्या नोंदणीची प्रत, रोजच्या मरतुकीची नोंद, दिलेल्या औषधांची यादी आणि अंडी किंवा बीज जिथून आणलं तिथला आरोग्य दाखला तयार ठेवा. हा दाखला शोधायचा कंटाळा करू नका. जिवाणू अंड्याच्या आतही राहू शकतो, आणि आयोडीनच्या द्रावणात अंडी धुतली तरी फक्त वरचं कवच साफ होतं.

फॉर्ममधला पाण्याच्या तापमानाचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा जिवाणू प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या पोषक माध्यमावर नीट वाढत नाही आणि ३० अंशांवर तर मुळीच नाही. त्याला कमी पोषणाचं माध्यम आणि साधारण १५ अंशांचं तापमान लागतं; तेव्हा कुठे काही दिवसांनी जिवाणूंच्या पिवळ्या वसाहती, म्हणजे ठिपक्यांसारखे पुंजके, दिसतात. नेहमीच्या प्लेटवर, उबदार इन्क्युबेटरमध्ये नमुना गेला तर 'जिवाणू आढळले नाहीत' असा अहवाल येतो आणि टाकीत मासे मरतच राहतात. म्हणून तापमान लिहाच, शिवाय शेऱ्यात 'शीतजल रोगाचा संशय, प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणीही करावी' हे स्पष्ट नोंदवा; कोणतं औषध या जिवाणूवर चालेल हे त्या चाचणीतून कळतं.

नमुन्यासाठी आजारी पण जिवंत मासे द्या, तेही औषध सुरू करण्याआधी. जिवंत नेणं जमत नसेल तर नुकतेच मेलेले मासे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. ऊतींच्या तपासणीसाठी दिलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, पण त्यातून जिवाणू वाढवता येत नाही. जिवाणू वाढवण्यासाठीचा नमुना वेगळा द्यावा लागतो.

मरतूक अचानक वाढली असेल तर विषाणू तपासणीच्या रकान्यातही खूण करा. आयएचएन आणि व्हीएचएस हे विषाणूजन्य रोग जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांचा संशय आला तर अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अहवाल हाती येईपर्यंत त्या टाकीतले मासे, जाळी आणि बादल्या दुसऱ्या टाकीकडे नेऊ नका. पशुवैद्यकाने औषध लिहून दिलं तर मासे विक्रीला काढण्याआधी किती दिवस थांबायचं, हे त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.