लघवीवरील ताब्याची आरोग्यसेवा (विदर्भातील आदिवासी स्त्रिया)

खोकताना किंवा मोळी उचलताना लघवी सुटणे, लागल्यावर धीर न निघणे, सतत गळत राहणे, या तक्रारींचे निदान व उपचार. गडचिरोलीतील माडिया व गोंड, मेळघाटातील कोरकू आणि यवतमाळमधील कोलाम स्त्रियांपर्यंत ही सेवा नेण्यात औषधे वा यंत्रे ही मोठी अडचण नाही. बहुतेकींना त्यांची गरजच नसते. अडते ते विचारण्यापाशी.

गोंडी, माडिया व कोलामी या द्रविड भाषा, कोरकू मुंडा कुळातली. दवाखान्यात दुभाषी म्हणून नवरा किंवा मुलगा उभा असला की बाई ‘कंबर दुखते’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी त्याच पाड्यावरच्या आशाताईने तिच्या बोलीत ‘खोकलं की लुगडं ओलं होतं का?’ असे एकटीला विचारले, तर बोलणे पुढे सरकते. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ही पाहणी केवळ लघवीच्या तक्रारींची नव्हती, पण दुखणे अंगावर काढण्याची रीत तिच्यातून दिसते.

भार पडल्यावर लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपचार. लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. रोवणीच्या दिवसांतही बसल्या जागी तो जमतो. अंग बाहेर येत असेल तर योनीत रिंग बसवता येते, मात्र ती वेळोवेळी काढून धुवावी लागते. त्यासाठी परत यायचे कुठे, हे बसवतानाच ठरवलेले बरे.

अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस गळत असेल, तर मूत्राशय व योनी यांत छिद्र पडल्याची शंका घ्यावी. तेथे व्यायाम निरुपयोगी, बहुधा शस्त्रक्रियाच लागते. गर्भपिशवी काढणे हा मात्र लघवी सुटण्यावरचा इलाज नव्हे, कोणी कितीही आग्रह धरला तरी.

गळती टाळायला अनेकजणी पाणी तोडतात. लघवी दाट होऊन जळजळ वाढते, घाईही वाढते. तेंदूपत्त्याच्या हंगामात, ४५ अंशांच्या उन्हात, हे अधिकच बाधते. पाणी नेहमीसारखे प्यावे, चहा कमी करावा.