सॅप एसएनसी : बाहेरच्या टूलचं सॅपशी सुरक्षित कनेक्शन

एसएनसी म्हणजे सिक्युअर नेटवर्क कम्युनिकेशन्स. सॅप म्हणजे कंपनीचे हिशोब, पगार, खरेदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या सिस्टीममध्येच असलेला हा सुरक्षेचा थर. रिपोर्टिंगचं टूल असो, ईटीएल (एकीकडचा डेटा काढून दुसरीकडे भरणारं टूल) असो, सॅप जीयूआय (युजरच्या पीसीवरचा सॅपचा स्क्रीन) असो की दुसरी एखादी सॅप सिस्टीम, ॲप्लिकेशन सर्व्हरशी कुणीही बोलायला लागलं की मधल्या वाटेवरचा डेटा एन्क्रिप्ट करणं आणि समोरचा खरंच तोच आहे ना हे दोन्ही टोकांना तपासून घेणं, ही याची दोन कामं. लोक पहिलं काम लक्षात ठेवतात, दुसरं विसरतात, आणि सेटअप अडकतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यामुळेच.

गरज कुठून आली

सॅप ही जर्मन कंपनी, १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी काढलेली, मुख्यालय वॉलडॉर्फला. १९९२ ला त्यांचं आर/३ आलं आणि मेनफ्रेमच्या जागी क्लायंट-सर्व्हर पद्धत रुजली, म्हणजे युजरच्या पीसीवर जीयूआय, मधे ॲप्लिकेशन सर्व्हर, मागे डेटाबेस. बाहेरच्या प्रोग्रामने सॅपमधलं फंक्शन बोलवायचं तर त्यासाठी आरएफसी, म्हणजे रिमोट फंक्शन कॉल. (इंटरनेटच्या स्टँडर्डच्या कागदपत्रांनाही आरएफसीच म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात.) तेव्हा ऑफिसचं नेटवर्क म्हणजे आपल्या घरातलं नेटवर्क असं धरलं जायचं, त्यामुळे जीयूआयचा डायग प्रोटोकॉल डेटा फक्त कॉम्प्रेस करतो, एन्क्रिप्ट करत नाही, आणि साध्या आरएफसीत पासवर्ड नुसता स्क्रॅम्बल होऊन जातो, जो उलटा फिरवणं अवघड नाही. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये सॅपचे प्रोटोकॉल उलगडून दाखवणारं ओपन सोर्स प्लगइनही मिळतं. म्हणजे नेटवर्कवर ज्याला पॅकेट पकडता येतात त्याला पगाराचे आकडे, व्हेंडरचे बँक खाते नंबर, सगळं वाचता येईल, आणि हे सांगूनसुद्धा 'आपलं तर इंटर्नल नेटवर्क आहे' असं उत्तर मिळतं तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण तो डेटा कुणाच्या तरी आयुष्याचा असतो.

आता तर ते 'इंटर्नल' सुद्धा उरलेलं नाही. हिंजवडीत किंवा खराडीत बसून युरोपातल्या क्लायंटची सॅप सांभाळणारी कितीतरी मराठी मंडळी आहेत, रिपोर्टिंगचं टूल क्लाउडमध्ये, गेटवे तिसऱ्याच डेटा सेंटरला. शिवाय भारतात २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, त्यात वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आतून कसं चालतं

एसएनसी स्वतः एन्क्रिप्शन करत नाही. ते जीएसएस-एपीआय नावाच्या ठरलेल्या इंटरफेसमधून एका क्रिप्टो लायब्ररीला काम सांगतं. अशी रचना होण्यामागे जुनं कारण आहे. क्रिप्टोग्राफीवर निर्यातीचे निर्बंध असायचे, सॅपची स्वतःची लायब्ररीसुद्धा जर्मन निर्यात नियमांखाली यायची आणि वेगळी डाउनलोड करावी लागायची, म्हणून सॅपने जागा मोकळी ठेवली आणि तिथे बाहेरच्या कंपन्यांचं सर्टिफाइड प्रॉडक्ट किंवा कर्बेरॉसही (विंडोज नेटवर्कमध्ये वापरली जाणारी ओळख तपासायची पद्धत) बसवता येऊ लागलं. आज सॅपची कॉमन क्रिप्टो लिब कर्नलबरोबरच येते, त्यामुळे वेगळं काही शोधावं लागत नाही.

सुरक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. १ म्हणजे फक्त ओळख तपासणं, २ म्हणजे ओळख आणि वाटेत डेटा कुणी बदलला नाही याची खात्री, ३ म्हणजे हे सगळं अधिक एन्क्रिप्शन. कनेक्शनमध्ये याला क्यूओपी म्हणतात, तिथे ८ टाकलं तर सर्व्हरचा डिफॉल्ट आणि ९ टाकलं तर जास्तीत जास्त जेवढं मिळेल तेवढं. हे नीट वाचा, कारण एसएनसी 'चालू' आहे पण क्यूओपी १ वर आहे असं होऊ शकतं, आणि तेव्हा डेटा उघडाच जात असतो.

प्रत्येक टोकाला एक पीएसई फाइल असते. तिच्यात त्या टोकाची प्रायव्हेट की, त्याचं सर्टिफिकेट, आणि ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्यांच्या सर्टिफिकेटांची यादी. त्या टोकाचं नाव 'पी:सीएन=' असं सुरू होतं, पुढे सर्टिफिकेटवरचं पूर्ण नाव. सगळा खेळ या नावावर आणि या यादीवर चालतो.

सेटअप : सर्व्हरकडची बाजू

हे काम बेसिसवाल्यांचं, म्हणजे सॅपची सिस्टीम सांभाळणाऱ्या ॲडमिनचं. आरझेड १० या टी-कोडमध्ये (टी-कोड म्हणजे सॅपमधला एखादा स्क्रीन उघडायचा छोटा कोड) प्रोफाइल पॅरामीटर टाकायचे, एसएनसी/इनेबल १, लायब्ररीचा पाथ, सर्व्हरची ओळख, डेटा प्रोटेक्शनच्या किमान आणि कमाल पायऱ्या. मग स्ट्रस्ट या टी-कोडमध्ये एसएनसीची पीएसई बनवायची. क्रम महत्त्वाचा आहे, आधी पीएसई आणि मगच इनेबल करून रीस्टार्ट, कारण इनेबल आहे पण पीएसई नाही असं झालं तर वर्क प्रोसेस उठतच नाहीत, सिस्टीम खाली राहते, आणि हे प्रॉडवर, म्हणजे खऱ्या कामाच्या सिस्टीमवर, रविवारी रात्री कळणं म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. दुसरं, 'ॲक्सेप्ट इनसिक्युअर' नावाचे पॅरामीटर असतात, जीयूआयसाठी वेगळा, आरएफसीसाठी वेगळा. सुरुवातीला ते १ ठेवायचे म्हणजे जुनी कनेक्शनं बंद पडत नाहीत, सगळे एसएनसीवर आले की ० करायचे. गोची अशी की ते ० करायचा दिवस बहुतेक ठिकाणी उजाडतच नाही, आणि तोवर कुणीही साध्या वाटेने आत येऊ शकतो. सिक्युरिटी ऑडिट लॉगमध्ये एन्क्रिप्ट न झालेल्या कनेक्शनची नोंद सुरू करता येते, ती महिनाभर बघितली की मागे कोण राहिलंय ते कळतं आणि पॅरामीटर ० करायची भीती निघून जाते.

सेटअप : टूलकडची बाजू

समजा जेको, म्हणजे सॅपचं जावा कनेक्टर वापरणारं एखादं टूल आहे. त्या मशीनवरही क्रिप्टो लायब्ररी ठेवायची, सेक्यूडीर नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि सॅपजेनपीएसई नावाच्या कमांड लाइन टूलने तिथली पीएसई बनवायची. पुढची पायरी सेकलॉगिनची, ज्याने क्रेड व्ही२ ही फाइल बनते आणि तिच्यामुळे पीएसई प्रत्येक वेळी पिन न विचारता उघडता येते. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. सेकलॉगिन आपण स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने चालवतो, टेस्ट केली की सगळं मस्त चालतं, पण टूलची सर्व्हिस रात्री वेगळ्याच सर्व्हिस अकाउंटवर पळते आणि तिला ती फाइल उघडता येत नाही. लॉगमध्ये क्रेडेन्शियल मिळाले नाहीत असा जीएसएसचा एरर दिसतो आणि माणूस दोन दिवस सर्टिफिकेटच बदलत बसतो. उपाय साधा, सेकलॉगिन त्या सर्व्हिस अकाउंटच्या नावाने करायचं.

नंतर सर्टिफिकेटांची अदलाबदल. टूलचं सर्टिफिकेट स्ट्रस्टच्या यादीत, सर्व्हरचं सर्टिफिकेट टूलच्या पीएसईत. सेल्फ साइन्ड असतील तर प्रत्येक जोडीसाठी हे करावं लागतं, कंपनीची स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी असेल तर दोन्हीकडे तिचं रूट टाकलं की पुरतं, पाच-दहा सिस्टीम असल्या तरी हाच मार्ग घ्या. पण रूटवर विश्वास ठेवला म्हणजे त्या अथॉरिटीचं कुठलंही सर्टिफिकेट चालेल असं नाही, कोणत्या नावाला आत घ्यायचं ते एसएनसी ० या टी-कोडमधल्या यादीत वेगळं लिहावं लागतं, शिवाय युजरच्या एसयू ०१ मध्ये एसएनसीचा टॅब आहे तिथे नाव भरायचं. नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं, कॅपिटल-स्मॉल, स्पेस, क्रम, सगळं. हाताने टाइप करू नका, सर्टिफिकेटमधूनच कॉपी करा.

मग टूलच्या कनेक्शनमध्ये एसएनसी मोड १, पार्टनरचं नाव, म्हणजे सर्व्हरचं, आपलं नाव, लायब्ररीचा पाथ आणि क्यूओपी. पार्टनरचं नाव हा नुसता भरायचा रकाना नाही, त्यानेच टूल ठरवतं की समोर आलेला सर्व्हर आपल्याला हवा तोच आहे. क्यूए म्हणजे टेस्टच्या सर्व्हरचं नाव प्रॉडच्या सेटिंगमध्ये तसंच राहिलं तर कनेक्शन होणार नाही, आणि एरर आला म्हणून एसएनसीच बंद करून 'सध्या चालवू' म्हटलं तर तपासणीच निघून जाते.

पोर्टचं लक्षात ठेवा. गेटवे म्हणजे आरएफसी कॉल आत घेणारा सॅपचा भाग, त्याचा साधा पोर्ट ३३ आणि पुढे इन्स्टन्स नंबर, म्हणजे इन्स्टन्स ०० असेल तर ३३००, आणि एसएनसीचा ४८००. फायरवॉलवाल्यांकडे फक्त ३३०० ची रिक्वेस्ट गेली की कनेक्शन टाइमआउट होतं आणि दोष सर्टिफिकेटला लागतो. लोड बॅलन्सिंग असेल तर मेसेज सर्व्हरचा ३६ ने सुरू होणारा पोर्टही लागतो, मधे सॅपराउटर (सॅपचा ट्रॅफिक पुढे पाठवणारा प्रोग्राम) असेल तर ३२९९.

कुलूप लावून चावी दारातच

एन्क्रिप्शनने वाट सुरक्षित होते, आत गेल्यावर काय करता येतं ते ऑथरायझेशनवर ठरतं. टूलसाठी वेगळा सिस्टीम टाइपचा युजर हवा, आणि एस_आरएफसी या ऑथरायझेशनमध्ये लागतील तेवढेच फंक्शन ग्रुप, सगळीकडे स्टार देऊन मोकळं व्हायचं नाही. आरएफसी_रीड_टेबल या फंक्शनने डेटा उचलायची जुनी सवय आहे, ते ग्राहकांसाठी अधिकृतपणे दिलेलं फंक्शन नाही आणि एका ओळीत ५१२ अक्षरांच्या पुढे जात नाही, पण टेबलचे हक्क सैल असले तर त्यातून वाचता येणार नाही असं फार थोडं उरतं. ओडीपी नावाची डेटा देण्याची वाट बऱ्याच टूलांनी वापरली, पण तिचे आरएफसी मॉड्यूल बाहेरच्या टूलांनी वापरायला परवानगी नाही असं सॅपने २०२४ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हा नवीन सेटअप करताना आधी हे बघा. सॅप स्टार या युजरचा जुना डिफॉल्ट पासवर्ड ०६०७१९९२ हा जगजाहीर आहे, आर/३ आलं ती तारीख, तो बदललेला नसेल तर बाकीच्या मेहनतीला अर्थ उरत नाही. गेटवेच्या याद्याही तशाच, सेकइन्फो आणि रेजइन्फो, बाहेरचे कोणते प्रोग्राम चालवायला किंवा नोंदवायला परवानगी आहे ते त्यात असतं. २०१९ मध्ये १०के-ब्लेझ नावाने जे एक्सप्लॉइट बाहेर आले ते गेटवे आणि मेसेज सर्व्हरच्या सैल सोडलेल्या याद्यांचाच फायदा घेणारे होते.

नंतरची देखभाल

सर्टिफिकेटला मुदत असते आणि ती संपली की कनेक्शन एका क्षणात तुटतं, आदल्या दिवशीपर्यंत काहीही जाणवत नाही. सॅपजेनपीएसईच्या गेट माय नेम कमांडने नाव आणि मुदत दोन्ही दिसतात, सर्व्हरकडचं स्ट्रस्टमध्ये. नवीन सर्टिफिकेट आधी समोरच्या यादीत टाकायचं आणि मग आपल्याकडे बदलायचं, उलट केलं तर मधला वेळ सगळं बंद. पीएसई आणि क्रेड फाइलच्या फोल्डरवर फक्त त्या सर्व्हिस अकाउंटला हक्क ठेवायचे, आणि या फाइली मेलवर पाठवायच्या नाहीत, शेअर ड्राइव्हवरही नाही, कारण त्यातच प्रायव्हेट की आहे.

सॅपच्या एबीएपी प्लॅटफॉर्मच्या १९०९ या आवृत्तीपासून वेबसॉकेट आरएफसी आलं, तेच आरएफसी पण टीएलएसवरून (वेबसाइटच्या एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) आणि ४४३ सारख्या नेहमीच्या पोर्टवरून जाणारं, त्यात एसएनसीची वेगळी मांडणी लागत नाही. सॅपच्या हाना डेटाबेसला थेट जोडायचं असेल तर तिथेही टीएलएसच, एन्क्रिप्ट ट्रू आणि व्हॅलिडेट सर्टिफिकेट ट्रू, यातलं दुसरं फॉल्स केलेलं अनेक कनेक्शन स्ट्रिंगांत सापडतं. जुन्या ईसीसीच्या, म्हणजे सॅपच्या आधीच्या पिढीच्या सॉफ्टवेअरच्या, एन्हान्समेंट पॅकेज ६ ते ८ चा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेरपर्यंत आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे ते चालू आहे त्यांना आणखी काही काळ तरी पीएसई आणि एसएनसी ० हेच हाताळावं लागणार आहे.