लोणी गेले, नळ आला: आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशनची पार्श्वभूमी

आयर्लंडची पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे गावचे दूध गोळा करून लोणी काढणारा कारखाना, 1889 साली लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलगर गावात निघाली. सहकाराच्या इतिहासात ती पहिल्या पानावर असते. पण गावच्या बाईच्या बाजूने पाहिले तर ती तिच्या मिळकतीच्या घसरणीची सुरुवात होती. तोवर साय काढणे, घुसळणे, लोणी धुऊन मीठ लावणे हे सगळे तिचे काम असे, आणि लोण्या-अंड्यांचे पैसेही बहुधा तिच्याच गाठीला राहत. आता दुधाचे कॅन पहाटे घोडागाडीतून क्रीमरीत जाऊ लागले. दुधाचे पैसे जमू लागले घरधन्याच्या खात्यावर. काही गावांत तर सगळे दूध क्रीमरीकडे गेल्याने शेतमजुरांच्या पोरांना पेलाभर दूध मिळेना.

या सहकारी चळवळीचे प्रणेते होरेस प्लंकेट यांनी 1894 मध्ये राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी केली. त्यांची त्रिसूत्री होती: चांगली शेती, चांगला व्यवहार, चांगले जगणे. पहिल्या दोन सूत्रांवर पुरुषांच्या सभा भरत. तिसऱ्याला वाली नव्हता. 1910 मध्ये वेक्सफर्ड काउंटीतल्या ब्री या खेड्यात अनिता लेट यांनी ‘युनायटेड आयरिशविमेन’ या बायकांच्या संघटनेची (आजची आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन) पहिली शाखा काढली ती याच पोकळीत. एलिस पिल्किंग्टन गावोगाव फिरून शाखा बांधू लागल्या. सुरुवातीच्या कामांत दूधविक्री केंद्रे होती, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी: क्रीमरीने नेलेल्या दुधातला वाटा गावातच थांबवण्याचा तो उपाय होता.

महायुद्ध, स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी यांत बऱ्याच शाखा थंडावल्या. 1920 च्या दशकात ल्यूसी फ्रँक्स यांनी घडी पुन्हा बसवली आणि 1929 मध्ये टिपरेरीतल्या स्लीव्हनामनला पहिली उन्हाळी शाळा भरवली. जुन्या नावाने 1798 च्या बंडवाल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ची आठवण यायची; 1935 मध्ये ते बदलून ‘आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन’ हे आजचे नाव घेतले. गावातल्या शाखेला ‘गिल्ड’ म्हणतात. सभेत पक्षीय राजकारण आणि धर्म नको, असा दंडक. तो सोपा नव्हता. पहिल्या फळीतल्या बऱ्याच बायका प्रोटेस्टंट जमीनदार घरांतल्या आणि गाव मुख्यतः कॅथलिक. चहा, घरचे स्कोन आणि महिन्याची स्पर्धा यांना सभेत इतके महत्त्व का, याचे अर्धे उत्तर इथे आहे. एका टेबलाशी बसायला काहीतरी निमित्त लागते.

हस्तकला हे नुसते मन रमवणे नव्हते. लोकर रंगवण्याचे उदाहरण घ्या. खडकावरचे ‘क्रॉटल’, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, लोकरीइतक्याच वजनाचे घेतात. भांड्यात क्रॉटलचा एक थर, लोकरीचा एक थर असे रचून, वर पाणी घालून मंद आचेवर काही तास ठेवतात. तुरटी लागत नाही. तांबूस तपकिरी रंग तसाच धरतो. पाणी खळखळा उकळले किंवा लोकर ढवळत बसले तर तिचा नमदा होतो. आणि उकळत्या भांड्यातून काढून थेट गार पाण्यात टाकली, तर ती आटलीच म्हणून समजा.

हा माल विकायचा कुठे? म्युरिएल गाहन यांनी 1930 मध्ये डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनला ‘कंट्री शॉप’ उघडले. तिथले उपाहारगृह हस्तकलेच्या विक्रीला आधार देई. 1940 च्या दशकात ‘कंट्री मार्केट्स’ आली. तिथे आपल्या अंड्या-भाज्यांच्या विक्रीतून थोडे कमिशन कापून उरलेले पैसे ज्याचे त्याला मिळत. लोण्याबरोबर गेलेला हातखर्च असा थोडा तरी परतला. 1954 मध्ये केलॉग फाउंडेशनच्या मदतीने लाउथ काउंटीतल्या टर्मनफेकिनला ‘अन ग्रिआनान’ हे निवासी शिक्षण केंद्र सुरू झाले.

पण संघटनेची खरी कसोटी लागली पाण्यापायी. दोन गॅलनच्या दोन बादल्या म्हणजे अठरा किलो ओझे, आणि विहिरीच्या अशा दिवसाला कित्येक खेपा. ग्रामीण विजेचा पहिला खांब नोव्हेंबर 1946 मध्ये डब्लिनच्या उत्तरेला किल्सॅलाहनला रोवला गेला. वीज मंडळ पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांतून, फिरून घरोघर होकार गोळा करी आणि जिथून परतावा जास्त तो भाग आधी घेई. वीजबिलातला स्थिर आकार घराच्या क्षेत्रफळावर ठरे. त्याच्या धास्तीने सही करून मागे फिरणारेही निघत. म्हणून गिल्डच्या बायकांनी वीज हवी म्हणून शेजाऱ्यांचे मन वळवणे मोलाचे होते.

वीज आली की पंप बसवता येई, पण वरून ओढणारा पंप जेमतेम सात मीटर खोलीपर्यंतच चालतो. नळीच्या तळाशी पाणी परत उतरू न देणारी झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, असते; तिच्यात कचरा अडकला की नळीतले पाणी उतरते, पंप कोरडा फिरतो आणि सील जळते. शिवाय विहीरच आटली किंवा गढूळ झाली तर पंप काय करणार? म्हणून 1960 च्या सुमारास सरकारने नळयोजना मांडल्यावर असोसिएशन तिच्या बाजूने उभी राहिली. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र स्थानिक कर वाढेल म्हणून विरोध केला. म्हणजे एकाच चुलीवर जेवणारे दोघे दोन संघटनांत, आणि दोघांचे म्हणणे उलट. कर भरायचा त्याने, बादली उचलायची तिने.

जिथे सरकारी नळ पोचला नाही तिथे ‘ग्रुप वॉटर स्कीम’ झाल्या: झरा किंवा तळे, पंपघर, उंचावर टाकी, घरटी वर्गणी, सरकारी अनुदान आणि चर खणायला गावाचेच हात. चर उथळ राहिला तर थंडीत पाइप गोठून फुटे. त्याहून मोठी खोट स्रोतातच होती. गुरांच्या शेणमुताची स्लरी झिरपून किंवा वाहून पाण्यात उतरे, आणि कित्येक योजनांत पुरेसे शुद्धीकरण नव्हते. अनेक ग्रुप स्कीमच्या पाण्यात ई. कोलाय हे विष्ठेतले जंतू सापडल्यावरून 2002 मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. नुसते क्लोरीन घालूनही भागत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोट बिघडवणारा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, त्याला गाळणी किंवा अतिनील दिवाच लागतो.